एकच पुस्तक तेवीस वेळा डाउनलोड! पोरांना डेस्कटॉप शिकवायचा तरी कुठून?

ज्वारीची_भाकरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बार्शीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी सहा वाजल्यापासून आठपर्यंत पोरं अभ्यासाला येतात, आठवी-नववीची, चौदाएक जण. फी वगैरे काही नाही, मी शाळेतून रिटायर झाले आणि घर खायला उठायला लागलं म्हणून सुरू केलेलं. दिवाळीत भाच्यानं त्याच्या ऑफिसातून निघालेले चार जुने डेस्कटॉप टेम्पोत घालून आणून दिले. चारही मशीनला वायफायचे ते बारके डोंगल आहेत आणि नेट माझ्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. रोजचा दीड जीबी.

तर गेल्या आठवड्यात झालं असं, की रोज सातच्या आत दीड जीबी खलास. मला वाटलं पोरं गुपचूप रील्स बघतायत, दोघातिघांना उगाच बोलले पण. काल रविवारी निवांत बसून एकेक मशीन उघडून बघितलं. डाउनलोड्समध्ये गेले तर नववीचं विज्ञानाचं पुस्तक, त्याच्या खाली तेच पुस्तक कंसात १, मग कंसात २, असं करत करत कंसात २२! एकाच मशीनवर, एकच पुस्तक, तेवीस वेळा. ज्याचं हे काम त्याला आज विचारलं, अरे हे काल घेतलं होतंस ना? तर म्हणाला, "काल हुतं की मॅडम. आज कुठं गेलं काय म्हाईत, म्हनून परत घेतलं." अगदी निरागसपणे. म्हणजे त्याच्या लेखी खिडकी बंद केली की पुस्तक संपलं.

आणि हीच पोरं मोबाईलवर व्हिडिओ कापून, गाणं लावून, त्यावर अक्षरं नाचवून दोन मिनिटांत स्टेटसला टाकतात. मला ते जन्मात जमणार नाही. पण माऊस हातात दिला की टेबलाच्या कडेला जाऊन अडकतात आणि "मॅडम, फुडं जायना" म्हणतात. माऊस उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे कुणीतरी सांगावं लागतं हे मला माहीतच नव्हतं.

माझ्याकडे एक जुनं कोर्सचं पुस्तक आहे, त्यात पहिला धडा संगणकाच्या पिढ्या, दुसरा इनपुट-आउटपुट. ते वाचून दाखवलं तर निम्मी पोरं उद्यापासून यायची बंद होतील. मग सुरुवात कुठून करू? अनुभवी लोकांनी सांगा.

---

अर्धा_कप | सोमवार, रात्री ९:५८

तेवीस वेळा 😂 पोरगा चिकाटीचा आहे हो ताई, पुढे जाईल.

---

बिटबाईट | सोमवार, रात्री १०:१५

ताई, उपक्रम छान. पहिलं काम, विंडोज असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कनेक्शन 'मीटर्ड' करा चारही मशीनवर, नाहीतर पुस्तकं राहू देत, अपडेटच तुमचा दीड जीबी खाऊन टाकेल. कदाचित आत्ताही खात असेल, पोरांवर सगळं खापर फोडू नका.

दुसरं, कुठलं विंडोज आहे? १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढे बोंब. ११ टाकायचं तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्यापुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ऑफिसमधून निघालेल्या मशीनमध्ये ते असेलच असं नाही. माझं मत विचाराल तर विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, चार जीबी रॅमवर चालतं, आणि फायरफॉक्स आत असतोच. केरळात सरकारी शाळा कितीतरी वर्षं उबंटूवर (तेही लिनक्सच) आधारित सिस्टीम वापरतायत, तिथल्या पोरांचं काही अडलं नाही.

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०:३१

बिटबाईट, आलात का लगेच लिनक्स घेऊन 🙂 बाईंनी विचारलंय सुरुवात कुठून करू, तुम्ही इंजिन बदलायला सांगताय.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, शिकवण्याचं सांगतो. पहिले चार दिवस नेट बंदच ठेवा. पत्त्यांचा डाव लावा, सॉलिटेअर. हसू नका. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो खेळ आला तेव्हापासून लोक त्यावरच माऊस ओढायला शिकलेत. पत्ता दाबून धरायचा, ओढायचा, जागेवर सोडायचा. डबल क्लिक, नेम, सगळं त्यात येतं. लहान भावंडं येत असतील तर जीकॉम्प्री म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात माऊस आणि कीबोर्डचे भरपूर खेळ आहेत, चित्रं काढायला टक्स पेंट. आणि ज्या पोराचा डबल क्लिक लागत नाही त्याला ओरडू नका, माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी महिनाभर उजव्या हातानं झगडत होती, बटणं उलटी करून दिल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढे.

---

जुना_डबा | सोमवार, रात्री ११:०५

आमच्या वेळी कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं, देवळात गेल्यासारखं. एसी फक्त त्या खोलीला. एका मशीनपुढे पाच जण, माऊस सरांच्या लाडक्याच्या हातात आणि बाकीचे मागून "राईट क्लिक कर, राईट क्लिक कर". वर्षभरात मी एकूण दहा मिनिटं कीबोर्डला हात लावला असेन, पण परीक्षेत सीपीयूचा लाँगफॉर्म लिहून पैकीच्या पैकी. ताई तुम्ही पोरांना हात लावू देताय यातच सगळं आलं. मोडलं तर मोडलं.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:५०

माझं लातूरला रिपेअरिंगचं दुकान आहे, जुन्या मशीनबद्दल दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे नंतर डोकं धरून बसायला नको.

एक, पोरं शटडाऊन करत नाहीत, मॉनिटरचं बटण बंद करतात आणि कॉम्प्युटर बंद झाला म्हणतात. कारण मोबाईलला स्क्रीन म्हणजेच सगळं. डबा खाली वेगळा आहे आणि तो चालूच आहे हे एकदा झाकण काढून फॅन फिरताना दाखवा, मग वायर काढून रॅम बिम पण बघू द्या हात लावून, आयुष्यभर विसरणार नाहीत.

दोन, कधीतरी असं होईल की एका मशीनवर एकही साईट उघडणार नाही, बाकी तिन्हीवर नेट चालू. तेव्हा डोंगल, मोबाईल, रिचार्ज काही तपासत बसू नका, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा.

---

ज्वारीची_भाकरी | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी, तुम्ही ज्योतिषी आहात का हो?? तीन नंबरच्या मशीनवर तेच चाललंय! रोज संध्याकाळी लाल त्रिकोण येतो आणि इंग्रजीत काहीतरी घड्याळाबद्दल म्हणतो. मी ते मशीन बिघडलेलं म्हणून कापड घालून ठेवलंय आठ दिवस. आत्ता लावून बघितलं, तारीख १ जानेवारी २०१०. हे काय प्रकरण आहे?

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११:२०

सेल गेलाय ताई. मदरबोर्डवर आठ आण्याच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२ नंबरचा. मशीन बंद असताना घड्याळ तोच चालवतो. ऑफिसात मशीन कायम लाईटला लावलेलं असायचं म्हणून कळलं नसेल, तुम्ही रात्री बोर्डाचं बटण बंद करताय म्हणून रोज सकाळ २०१० सालात.

आता साईट का उघडत नाही, तर प्रत्येक साईटकडे एक सर्टिफिकेट असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं. ब्राउझर ते स्वतःच्या मशीनच्या तारखेशी ताडून बघतो. मशीन म्हणतंय २०१०, सर्टिफिकेट म्हणतंय मी या वर्षीचं. म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीनं हा माणूस अजून जन्मायचाय आणि आधार कार्ड दाखवतोय. तो कसा आत सोडेल.

सेल घड्याळाच्या दुकानात पण मिळतो, चाळीस-पन्नास रुपये. वायर काढा, झाकण उघडा, सेलच्या बाजूची पट्टी नखानं सरकवली की तो टुण्णकन वर येतो. लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा, मशीन लावून तारीख सेट करा. हे काम पोरांकडूनच करून घ्या.

---

घंटी_दोनदा | मंगळवार, दुपारी ३:४५

मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. अठ्ठावन्नाव्या वर्षी नातवाकडून कॉम्प्युटर शिकलो त्यामुळे मला काय समजत नव्हतं ते मला पक्कं आठवतंय, तुम्हा लहानपणापासून शिकलेल्या लोकांना ते आठवणार नाही.

मला ब्राउझर म्हणजे काय, गुगल म्हणजे काय आणि वेबसाईट म्हणजे काय हे तिन्ही एकच वाटायचं. नातू सांगून सांगून थकला. शेवटी मीच माझ्या भाषेत लावून घेतलं. ब्राउझर म्हणजे गाडी. क्रोम, फायरफॉक्स, एज या वेगवेगळ्या गाड्या, कुठल्याही बसा. वेबसाईट म्हणजे गाव. आणि गुगल म्हणजे स्टँडवरची चौकशीची खिडकी. आता मला सांगा, गावाचं नाव पाठ असताना कोण चौकशीच्या रांगेत उभं राहतं? सरळ गाडीत बसून तिकीट मागायचं. म्हणजे वरच्या लांब पट्टीत पत्ता टाइप करायचा आणि एंटर. लोक काय करतात, पूर्ण पत्ता माहीत असताना तो गुगलच्या मधल्या खोक्यात टाकतात आणि मग जी यादी येते त्यात वरच्यावर क्लिक.

आणि त्या यादीत सगळ्यात वर कोण उभं असतं, तर वडापवाला! स्टँडच्या दारात हात धरून ओढतो ना, "चला बार्शी बार्शी, लगेच निघाली", तसलाच. तिथे बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं. म्हणजे पैसे देऊन पुढे उभा राहिलेला. सगळे वडापवाले वाईट नसतात, पण बसायच्या आधी बघावं गाडी कुणाची आहे.

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी ४:०२

काका, साष्टांग. हे उद्या वर्गात वापरणार. वडापवाला तर अगदीच.

---

अर्धा_कप | मंगळवार, दुपारी ४:१०

टॅब म्हणजे काय मग काका? एकाच वेळी सात गाड्यांत बसलेला प्रवासी?

---

घंटी_दोनदा | मंगळवार, दुपारी ४:२५

रुमाल टाकून जागा धरलेली, दुसरं काय. आणि सगळीकडे रुमाल टाकत बसलं की गाडी हलत नाही, जुनी मशीन आहेत ना ताईंची.

---

कोकणी_सुपारी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

विषय निघालाच आहे तर धोक्याचं पण सांगा पोरांना. माझ्या भाच्यानं कुठल्याशा साईटवर 'अलाऊ' दाबलं आणि तेव्हापासून दर पाच मिनिटांनी कोपऱ्यात "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडला" असं लाल खोकं. आमच्या गावातल्या एकानं त्याचे आठशे रुपये घेतले, सगळं फॉरमॅट मारलं, फोटो गेले. नंतर कळलं तो व्हायरस नव्हताच, नुसती त्या साईटची नोटिफिकेशन होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे त्या साईटचं नाव दिसतं, काढून टाकायचं. दोन मिनिटांचं काम. आठशे रुपये आणि बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो.

---

बिटबाईट | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

+१. आणि "पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साईट चांगली" हे जुनं शिकवणं आता बंद करा. कुलपाचा अर्थ एवढाच होता की मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, समोरचा चोर आहे की साव हे त्यातून कधीच कळत नव्हतं. २०२३ मध्ये क्रोमनं ते चिन्हच काढून टाकलं, आता तिथे दोन आडव्या पट्ट्यांसारखं काहीतरी असतं.

ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी घाई केली, मान्य. माझ्या मते टायपिंगपासून सुरू करा. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, तर्जन्या तिथे, नजर स्क्रीनवर. रोज पंधरा मिनिटं. एकदा बोटं बसली की बाकी सगळं आपोआप येतं.

---

खडूफळा | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

आपोआप काही येत नाही हो. आमचा एक मुलगा झक्कास टाइप करतो, परवा निबंध लिहिला दीड पान, आणि मग गायब. सर सेव्ह केलं होतं. कुठे केलंस? "वर्डमध्ये." वर्डमध्ये म्हणजे कुठे? "वर्डमध्येच." त्याला कळत नाहीये की वर्ड ही लिहायची जागा आहे, ठेवायची नाही. मोबाईलवर फोटो गॅलरीत, गाणी गाण्यांच्या ॲपमध्ये, वस्तू ज्या ॲपनं केली त्यातच राहते असं त्यांचं जग आहे. ताईंच्या तेवीस पुस्तकांचं मूळ तेच.

---

ज्वारीची_भाकरी | गुरुवार, रात्री १०:३०

मंडळी, दोन दिवसांत बरंच घडलं. सविस्तर लिहिते, लांबलं तर माफ करा.

आधी सेल. तालुक्याला जाऊन आणला, पंचेचाळीस रुपये. दोन मुलं आणि एक मुलगी, तिघांनी झाकण उघडलं. आतली धूळ बघून पोरगी म्हणाली "मॅडम, हितं ज्वारी पेरली तर उगंल". सेल बसला, तारीख सेट केली, साईट उघडली, आणि खोलीत असा आरडाओरडा झाला की शेजारच्या काकू बघायला आल्या. आता तीन नंबरचं मशीन 'आमचं' आहे, त्या तिघांशिवाय कुणी बसायचं नाही असा नियमच करून टाकलाय त्यांनी.

आता मुख्य गोष्ट. खडूफळा सरांचं ते "वर्डमध्ये म्हणजे कुठे" वाचून मी काल फोल्डर समजवायला घेतलं. कपाट, कप्पा, वही असं सांगून बघितलं. माना हलवल्या पण चेहरे कोरे, त्यांच्या घरी कुठे असं कपाट आहे म्हणा. मग ज्याची तेवीस पुस्तकं तोच पोरगा म्हणाला, "मॅडम, सातबाऱ्यागत हाय का ह्ये?" मी म्हटलं कसं काय रे? तर झालं असं होतं, गेल्या महिन्यात वडिलांना पीककर्जासाठी सातबारा लागत होता आणि यानंच मोबाईलवर काढून दिला. तिथे आधी जिल्हा निवडायचा, सोलापूर. मग तालुका, बार्शी. मग गाव. मग गट नंबर. मधलं एक जरी चुकलं तरी भलत्याचंच शेत येतं.

मी उडालेच. हेच की ते! फळ्यावर लिहिलं, सी ड्राइव्ह म्हणजे जिल्हा, युजर्स म्हणजे तालुका, त्यात आपलं नाव ते गाव, डाउनलोड्स म्हणजे शिवार आणि नववीचं विज्ञान हा गट नंबर. आणि खरंच फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत ते तसंच्या तसं ओळीनं लिहिलेलं असतं, आजवर मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मग प्रत्येकाला आपापल्या नावाचं गाव करायला लावलं, त्यात तीन वस्त्या, पुस्तकं, लिहिलेलं, चित्रं. एका पोरानं गावाच्या आत परत तेच गाव केलं आणि हरवला, तो भाग वेगळा.

आज एकही पुस्तक दुसऱ्यांदा डाउनलोड झालं नाही. आठ वाजता अर्धा जीबी शिल्लक.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:४५

सातबारा! वीस वर्षं दुकान चालवतोय, हे डोक्यात आलं नाही.

आता एक सेटिंग करून टाका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स आहे, तिथे 'फाइल कुठे ठेवायची ते प्रत्येक वेळी विचारा' अशा अर्थाचं इंग्रजी बटण आहे, ते चालू करा. मग डाउनलोड म्हटलं की खिडकी उघडते आणि पोराला गाव निवडावंच लागतं. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, पण शिकताना तेच हवं.

---

घंटी_दोनदा | शुक्रवार, सकाळी ६:२०

ताई, पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. पण आता पुढे एक खाचखळगा आहे तो आधीच सांगतो.

वेबसाईटचा पत्ता उलटा असतो. मशीनमधला पत्ता जिल्ह्यापासून घरापर्यंत उतरतो, वेबसाईटचा पत्ता पाकिटावर लिहितो तसा, आधी घर, मग गाव, मग तालुका, शेवटी जिल्हा. शिष्यवृत्तीची साईट बघा, महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. 'इन' म्हणजे भारत, 'जीओव्ही' म्हणजे सरकार, मग महाराष्ट्र, आणि सगळ्यात आधी लिहिलेलं महाडीबीटी हे घर. म्हणून साईट कुणाची हे ओळखायचं तर सुरुवातीच्या एचटीटीपीएसपुढच्या दोन जोड रेघा सोडून पहिली तिरकी रेघ येते तिथे बोट ठेवायचं आणि तिथून डावीकडे, मागे मागे वाचत यायचं. पत्त्यात सुरुवातीला कुणीही महाडीबीटी लिहील, महाराष्ट्र लिहील, घराला नाव काय द्यायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बंगल्याला 'राजवाडा' नाव दिलं म्हणून आतला माणूस राजा होत नाही. रेघेच्या आधी शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का 'डॉट कॉम' का आणखी काही, ते बघायचं.

आणि गंमत म्हणजे त्या रेघेच्या पुढे पत्ता परत सातबाऱ्यासारखा सुलटा, मोठ्यातून लहानात. मला हे कळायला चार महिने लागले होते.

---

बिटबाईट | शुक्रवार, सकाळी ९:३०

काका, मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे आणि डोमेन (रेघेच्या आधीचा पत्ता) उजवीकडून वाचायचं आणि पाथ (रेघेनंतरचा) डावीकडून, हे इतक्या सरळ कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. टायपिंगचा हट्ट मागे घेतो. आधी पत्ता.

फक्त एक भर, सरकारी कामाच्या सगळ्याच साईट जीओव्ही डॉट इनवर नसतात. बालभारतीच्या पुस्तकांची साईट ईबालभारती डॉट इन अशीच आहे आणि ती खरी आहे. त्यामुळे असे चार-पाच पत्ते एकदा खात्री करून पोरांच्या बुकमार्कमध्ये टाकून द्या, कंट्रोल आणि डी. मग वडापवाल्याचा प्रश्नच नाही. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर भिंतीवर लावून ठेवा.

---

माझी_वेलांटी | शुक्रवार, दुपारी १:१५

मराठी टायपिंगचं कुणीच बोललं नाही! पोरं इंग्रजी अक्षरांत 'kay' सारखं दाबून मराठी उमटवायला शिकतील आणि मग आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घ त्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर. इनस्क्रिप्ट शिकवा, म्हणजे बटण दाबलं की थेट मराठी अक्षर उमटतं तो कीबोर्ड. विंडोजमध्ये भाषेत जाऊन मराठी जोडा, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, क च्याच बटणावर शिफ्टसकट ख, ग वर घ. बाराखडी ज्याला येते त्याला चार दिवसांत सापडतं. 'मराठी' लिहायचं तर सी, जे, ई, शिफ्टसकट ट चं बटण, आणि आर. पाच दाब.

---

अर्धा_कप | शुक्रवार, दुपारी १:४०

वेलांटीताई, तुमच्या पोस्टमधला तो एक इंग्रजी शब्द कसा टाइप केलात 😛

---

खडूफळा | शुक्रवार, दुपारी २:०५

इनस्क्रिप्टला माझाही पाठिंबा. त्यासोबत कंट्रोल आणि एफ दाखवा, पानावर शब्द शोधायला. पोरांना जादू वाटते. पण जुन्या मराठी पीडीएफमध्ये ते बऱ्याचदा चालत नाही, शब्द समोर दिसतोय आणि मशीन म्हणतंय सापडला नाही. युनिकोडच्या (मराठी अक्षराला मशीनमध्ये स्वतःची ओळख देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट, आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचं सोंग. पोरं गोंधळतात म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

अजून एक, सगळ्यांचं मिळून एकच मशीन असेल तर जीमेल उघडून तसंच सोडून जातात. आमच्याकडे एकाच्या खात्यावरून दुसऱ्यानं तिसऱ्या मुलीला मेल पाठवली, मजकूर सांगत नाही, पालक शाळेत आले होते. क्रोमच्या गेस्ट विंडोतच मेल उघडायची सवय लावा, खिडकी बंद केली की खातं आपोआप बाहेर.

---

ज्वारीची_भाकरी | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काकांचा उलटा पत्ता घेतला. पोरांना खोटे पत्ते करून आणायला सांगितले, कोण जास्त फसवतं बघू म्हणून. एकीनं इतका बेमालूम केला की मीच फसले, रेघेच्या पुढे 'जीओव्ही डॉट इन' लिहिलेलं होतं आणि मी रेघ बघितलीच नाही.

आता माझा प्रश्न. क्लास सुटताना तो सातबाऱ्यावाला थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मंग व्हॉट्सॲपवर आल्याला फोटू कुठल्या गावात ऱ्हातो?" वडिलांच्या फोनवर त्याच्या आजीचा एकमेव फोटो आहे, कुणीतरी पाठवलेला, तो त्याला कॉम्प्युटरमध्ये घ्यायचाय. मी म्हटलं गॅलरीत. तर म्हणाला, "गॅलरी म्हंजे वर्डच की मॅडम." मला उत्तर आलं नाही. कुणाला माहिती आहे का?

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:५५

असतो ना, त्याचंही गाव असतं. चार्जिंगची केबल मशीनला लावा, पण डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको. मोबाईलवर वरून पट्टी खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. मग कॉम्प्युटरमध्ये फोनचं नाव दिसेल. त्यात इंटर्नल स्टोरेज, मग अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप, मग व्हॉट्सॲप, परत मीडिया, आणि त्यात व्हॉट्सॲप इमेजेस. दोन मीडिया आहेत, पहिल्यात घुटमळू नका म्हणावं.

---

ज्वारीची_भाकरी | सोमवार, संध्याकाळी ७:५०

सापडला. दुसऱ्या मीडियात. आत्ता त्याच्या गावात, 'चित्रं' नावाच्या वस्तीत ठेवलाय आणि नाव दिलंय आज्जी. सेव्ह करून, खिडकी बंद करून, परत उघडून बघितला त्यानं. तीन वेळा.